योवानच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, एक वुकित्साचं. तिची जादा किल्ली माझ्या फळीवर असते आणि माझी तिच्याकडे. तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मला खुर्चीवर बसायचा धीर होईना, इतकं सगळं जागच्या जागी. खिडकीतल्या कुंड्यासुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या, ठेंगण्या पुढे आणि उंच मागे. रुमेना म्हणायची, "हिच्याकडे फुलंही शाळेच्या प्रार्थनेला उभी असतात."

रुमेना ही वुकित्साची कुमा. लग्नात नवरीच्या बाजूला उभी राहून जी साक्ष देते ती कुमा, आणि एकदा हे नातं जडलं की दोन्हीकडून एकमेकींना कुमाच म्हणायचं, मरेपर्यंत. सख्ख्या बहिणीशी अबोला धरलेला आमच्याकडे चालतो, कुमाशी नाही. रुमेना आणि वितोमिरच्या लग्नात वुकित्सा उभी राहिली तेव्हा दोघी ब्लँकेटच्या गिरणीत होत्या, एक मागावर आणि एक गोदामात. वुकित्साचं स्वतःचं लग्न काही झालं नाही. का, ते तिला कुणी विचारलं नाही. रुमेनाने मात्र त्यावर जन्मभर विनोद केले.

वुकित्साचे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. बीटाच्या गाड्या यायच्या, आणि हा गृहस्थ सख्ख्या भावाच्या गाडीतलीही चिकटलेली माती वजा करायचा. गावात त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत आणि कुणी घरी जेवायलाही बोलावलं नाही. मुलगी तशीच निघाली. गिरणी बंद पडली त्या दिवशी सगळ्या बायका दारात बसून रडत होत्या, आणि वुकित्सा आत शेवटची ब्लँकेटं मोजत होती. नंतर चार वर्षं तिने बाजारात मोजे विकले. मग रोजगार कचेरीने पन्नाशीच्या बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला. बाकीच्या तिथे गरम खोलीत बसायला मिळतं म्हणून जायच्या. वुकित्सा शिकायला गेली.

त्या वर्गातून आली की ती थेट माझ्या स्वयंपाकघरात यायची. मी कॉफी उकळत ठेवायची आणि ती सांगत सुटायची. चौकटी, रांगा, रकाने. अशी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गाल तांबूस व्हायचे. मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधणारा परदेशी कारखाना गावाबाहेर उघडला तेव्हा तिला कचेरीत टेबल मिळालं, आणि रुमेनाला दोन नंबरच्या शेडमध्ये वायरी गुंडाळायचं काम. रुमेनाला ते काम वुकित्सानेच लावून दिलं, हेही सांगायला हवं. वर्षावर्षाचा करार असायचा, मार्चअखेर संपणारा. दर मार्चला नवा व्हायचा.

आता त्या जानेवारीकडे येते. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो. त्याच्या दिवशी घराचं दार उघडं ठेवायचं. बोलावणं कुणालाच जात नाही, ज्यांचं नातं आहे ते येतात. वितोमिरच्या घराण्याचा संत योवान, म्हणजे वीस जानेवारी. आम्ही दोघं, वुकित्सा, वितोमिरचे चुलतभाऊ, शेडमधल्या तीन-चार बायका, सगळे दाटीवाटीने टेबलाभोवती बसलो होतो. उकडलेला गहू अक्रोड घालून झाला, भाजलेलं डुक्कर आलं, रकिया दारूची दुसरी बाटली उघडली. रुमेनाने लाल ब्लाउज घातला होता. तिला बोलायला प्रेक्षक लागायचे, आणि त्या दिवशी ते होते.

"आमच्या कुमाचं एक बरं आहे," ती म्हणाली. "झोपण्याआधी उशा मोजते. रोज एकच निघते, त्यामुळे हिशेब कधी चुकत नाही!"

टेबल हसलं. वुकित्साही हसली. तिने समोरच्या बशीतली काटा-सुरी सरळ केली आणि हसत राहिली. मी हसले की नाही ते आठवत नाही. आमचे हे हसले, ते मला आठवतं, कारण मी त्यांना टेबलाखालून लाथ मारली.

त्यानंतर अर्ध्या तासाने वितोमिर बर्फ आणायला म्हणून आत गेला आणि फरशीवर कोसळला. सगळ्यांत आधी वुकित्सा धावली. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिच्या चांगल्या करड्या स्कर्टवर त्याला उलटी झाली, तरी ती हलली नाही. किडन्या गेल्या होत्या. ते नंतर कळलं. त्या रात्री त्याला इथल्या दवाखान्यात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुमेना त्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. अर्थात ती कामावर गेली नाही. निघताना तिने शेडच्या मुकादमाला, झार्कोला फोन केला. झार्को म्हणाला, "जा गं बाई, विचारतेस काय."

फेब्रुवारीत वरून हुकूम आला. वर म्हणजे कुठे, ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. ज्या देशात कारखान्याचे मालक राहतात तिथे. दोन नंबरच्या शेडमधले जे लोक एक डिसेंबर ते एकतीस जानेवारीच्या दरम्यान, कारण न देता, तीनपेक्षा जास्त दिवस गैरहजर राहिले, त्यांचा करार मार्चनंतर वाढवायचा नाही. आकडा सोमवारी कळवा, नावं गुरुवारी दुपारी बारापर्यंत. कचेरीचा इथला साहेब ओग्न्येन. चौतिशीचा मुलगा, बूट नेहमी चकचकीत. त्याने ते वुकित्साच्या टेबलावर ठेवलं.

त्या शनिवारी मी घेवडा निवडत बसले होते. वुकित्सा समोर येऊन बसली आणि तबकातले दाणे बोटाने बाजूला करायला लागली.

"हे बघ, नेवेन्का. मला नुसतं मोजायचं नाही. अटी आहेत, आणि सगळ्या अटी एका वेळी जुळायला हव्यात. समज, दाणा पांढरा हवा."

"बरं."

"सुरकुतलेला नको. आणि नवा हवा, ह्या हंगामाचा. पांढरा आहे पण जुना आहे, गेला. नवा आहे पण सुरकुतलेला, गेला. तिन्ही जुळलं तरच एक. तसं प्रत्येक नावापुढे मशीन मोजतं. नाव हेच, कारणाचा रकाना रिकामा, आणि तारीख."

"तारखेचं काय एवढं? लिहिलेली असते की."

"तारखेलाच तर दोन कुंपणं लागतात. ह्या दिवसापासून एक आणि ह्या दिवसापर्यंत एक. एकच घातलंस तर मागची सगळी वर्षं आत शिरतात. आणि तारीख नुसती तुला-मला तारीख वाटून भागत नाही, मशीनला ती आकडा म्हणून कळायला हवी. नाहीतर ते तिच्याकडे बघतही नाही. रांग तिथे असते, पण मोजली जात नाही."

मग तिने हसू दाबत सांगितलं की झार्कोने तारखेच्या रकान्यात काय काय लिहून ठेवलंय. 'निकोलाच्या आदल्या दिवशी.' 'उपास सुटला त्या सोमवारी.' आठ-दहा ठिकाणी तर नुसतं 'डुक्कर'. डिसेंबरात घरोघरी डुक्कर मारतात, सॉसेज भरतात, मांस धुरावर टांगतात. त्या दिवशी माणूस कामावर येत नाही आणि का, असं कुणी विचारत नाही. झार्कोच्या मते 'डुक्कर' म्हणजे तारीखही झाली आणि कारणही झालं. आणि कारणाच्या रकान्यात? काही नाही. सगळ्यांना माहीत आहे ते कोण लिहितं?

आम्ही खूप हसलो. मी डोळे पुसत विचारलं, "मग त्या रांगांचं काय करणार?"

"त्या सोडून अकरा जण येतात. ओग्न्येन म्हणतोय अकरा कळवून टाकू. 'मावशी, तिकडच्यांना आकड्याशी मतलब, तुम्ही कशाला उकरत बसता?'" तिने तोंड वाकडं केलं. "पण ते चूक आहे ना. ज्याची झार्कोने नीट तारीख लिहिली तो अडकणार आणि ज्याचं 'डुक्कर' लिहिलंय तो सुटणार? हा कुठला न्याय?"

मला तेव्हा ते पटलं. अगदी खरं सांगायचं तर मी मानही डोलावली.

रविवारी तिने फोन करायला सुरुवात केली. भिंत पातळ आहे, मला ऐकू येत होतं. "पेतकाना? मी वुकित्सा बोलतेय, कचेरीतली. अगं, तुमचं डुक्कर ह्या वर्षी कधी मारलंत?" लोकांना काय, आनंदच. कचेरीतली बाई आपल्या डुकराची चौकशी करते म्हणजे सॉसेज हवं असणार. पेतकानाने तारीख सांगितली, डुकराचं वजन सांगितलं, वर "थांब, तुझ्यासाठी एक जोडी बाजूला काढते" म्हणाली. एका म्हाताऱ्याने तर तारीख आठवेना म्हणून मुलाला शेजारी पाठवलं, विचारून आणलं आणि उलटा फोन करून कळवलं. वुकित्साने प्रत्येकाचे आभार मानले आणि चौकटीत तारीख भरली. सोमवारी सकाळी आकडा पंधरा झाला. पेतकाना त्या पंधरांत होती. सॉसेजची जोडी तिने बुधवारी आणून दिली. तोवर तिला काही माहीत नव्हतं.

पंधरावी रुमेना होती.

रुमेनाचे तीन दिवस आधीच मोजले गेले होते. ते तिचेच होते, त्यांच्याबद्दल ती पुढेही कधी भांडली नाही. चौथ्या रांगेत झार्कोने लिहिलं होतं, 'योवानच्या दुसऱ्या दिवशी', आणि कारणाच्या रकान्यात काही नव्हतं. ती रांग तशीच राहिली असती तर मशीनने तिच्याकडे बघितलंही नसतं. तिथे वुकित्साला फोन करायची गरज पडली नाही. तिने एकवीस जानेवारी घातली.

हे मला बुधवारी संध्याकाळी कळलं, माझ्याच स्वयंपाकघरात, रुमेनाच्या समोर. रुमेना इस्पितळातून परतताना वर आली होती. वितोमिरला आता आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपवायचे, रक्त धुवायला. ती थकली होती, तरी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "नेवेन्का, तुझी कॉफी म्हणजे इस्पितळाच्या कॉफीची सख्खी बहीण." तेवढ्यात वुकित्सा आली. बसली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "कुमा, उद्या नावं जायची आहेत. तू त्यात येतेस. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगावं असं वाटलं."

रुमेना आधी हसली. तिला वाटलं, वुकित्साने आयुष्यात पहिल्यांदा विनोद केला.

"मी येते? कशात?"

वुकित्साने सांगितलं. एकेक दिवस, एकेक तारीख. आवाज चढला नाही की पडला नाही. चौथी तारीख ऐकल्यावर रुमेनाचं हसू थांबलं.

"एकवीस जानेवारी," रुमेना म्हणाली. "त्या दिवशी मी कुठे होते?"

"वितोमिरला घेऊन शहरात."

"मग तुला माहीत आहे!"

"मला माहीत आहे. रकान्यात नाही."

"मग लिही की रकान्यात! बोटं मोडलीत का तुझी?"

"कारणाला कागद लागतो, कुमा. तू कागद दिला नाहीस."

"कुमाला कागद?" रुमेनाने माझ्याकडे बघितलं, जणू मी दुभाषी आहे. "ऐकतेस का? मी हिला कागद द्यायचा. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिला मी कागद द्यायचा!"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वुकित्सा, तारखेच्या जागीही तारीख नव्हती. ती तू कुठून आणलीस?"

"कॅलेंडरातून. योवान वीसला. दुसरा दिवस एकवीस."

"आणि कारण?"

"कारण कॅलेंडरात नसतं."

"पण डोक्यात होतं ना तुझ्या. एक चौकट डोक्यातून भरलीस, शेजारची का नाही?"

मला वाटलं, वुकित्सा आता नरमेल. पण ती विचार करत होती, आणि विचार करून तिने जे उत्तर दिलं ते तिला स्वतःला अगदी बरोबर वाटत होतं. "बाकीच्यांना मी फोन करून तारखा विचारल्या, नेवेन्का. कारणं विचारली नाहीत. पेतकानाची सून त्या आठवड्यात बाळंत झाली होती. स्तानोयेला ताप होता. ते सगळं मला माहीत आहे. त्यांचं रिकामं ठेवलं. आता कुमाचं भरलं तर मी कोण? उद्या अख्खा कारखाना म्हणेल, स्वतःच्या माणसाला वाचवलं."

"म्हणू दे!" रुमेना ओरडली. "लोक म्हणतात म्हणून काय तुझे कान गळून पडणार आहेत? मी सत्तावन्न वर्षांची आहे. मला आता कोण कामावर घेतं? पेन्शनला तीन वर्षं आहेत. घरात एकाचा पगार येतो, तो माझा."

"कागद आण," वुकित्सा म्हणाली. "उद्या बाराच्या आत आण. मी माझ्या हाताने भरते. शपथ घेऊन सांगते."

ती हे मनापासून म्हणत होती. तोच तर त्रास आहे. ती खोटं बोलत असती तर रुमेनाला तिच्या तोंडावर थुंकून मोकळं होता आलं असतं.

गुरुवारी पहाटेच्या बसने रुमेना इस्पितळात गेली. मी बरोबर गेले, कारण तिला एकटीला सोडवेना. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने शोधून दिलं. कागद मिळाला, शिक्का मिळाला, तारीख एकवीस जानेवारी, वेळ सकाळची आठ चाळीस, रुग्णाचं नाव वितोमिर. रुमेनाने विचारलं, "आणि मी?" मुलगी म्हणाली, "तुम्ही आजारी होतात का?" "मी त्याला आणलं." "बरोबर कोण येतं ते आम्ही लिहीत नाही हो, बाई. इथे रोज दोनशे माणसं येतात." मी भांडले, मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हटलं. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. बस दहा वाजता होती.

साडेअकराला आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचलो. पहारेकऱ्याने वुकित्साला खाली बोलावलं. ती कोट न घालताच आली, दंड चोळत. थंडी मरणाची होती. तिने चष्मा लावला आणि कागद वाचला. उलटून मागची बाजूही वाचली. मागे काही नव्हतं.

"ह्यात वितोमिर आजारी होता असं आहे," ती म्हणाली.

"हो."

"तू कामावर का नव्हतीस, ते ह्यात नाही."

रुमेना इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं, "तू तिथे होतीस, कुमा. तूच साक्ष. त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं."

"वीस तारखेला," वुकित्सा म्हणाली. "एकवीसला मी कामावर होते."

ती क्रूर म्हणून असं बोलली का? मी ह्यावर पुष्कळ विचार केलाय. कधी वाटतं, ही तिच्या बापाची लेक, भावाच्या गाडीतली माती वजा करणारी. तिला दुसरं येतच नाही. कधी त्या रात्रीचं टेबल आठवतं, लाल ब्लाउज, उशीचा विनोद आणि सरळ केलेली काटा-सुरी. रुमेनाने तीस वर्षं तिला चारचौघांत सोललं होतं, आणि वुकित्साने तीस वर्षं हसून घेतलं होतं. त्या फाटकाशी मी वुकित्साचा चेहरा नीट निरखला. मला त्यात समाधान शोधायचं होतं, म्हणजे मला तिचा राग करता आला असता. सापडलं नाही. थंडीने नाक लाल झालेलं, बस. तिने कागद घडी घालून, कडा जुळवून परत दिला.

"वरून काही लेखी आलं तर—" असं काहीतरी ती म्हणाली, पण रुमेना चालायला लागली होती.

बारा वाजता नावं गेली. ओग्न्येनने त्यांत ढवळाढवळ केली नाही; पंधरा हा आकडा बघून वरचे खूश झाले होते, आणि शाबासकी त्यालाच मिळाली होती. वुकित्साला महिला दिनाला इतर बायकांसारखंच एक फूल मिळालं.

पंधरा जणांपैकी तरुण होते ते बाहेरच्या देशात गेले. पेतकाना सुनेचं मूल सांभाळते, आणि रस्त्यात वुकित्सा दिसली की पलीकडच्या बाजूला जाते. सॉसेज खाल्लंस का, असं मात्र एकदा भर बाजारात ओरडून विचारलंन. रुमेनाने वितोमिरला खरं सांगितलं नाही. आपल्याला इस्पितळात नेलं त्या दिवसापायी हिची नोकरी गेली, हे कळलं तर तो मशीनवर जायचंच बंद करेल, असं ती मला म्हणाली. त्याला तिने सांगितलंय की शेडमध्ये काम कमी झालं, वयस्क बायकांना घरी बसवलं. तो बिचारा विश्वास ठेवतो.

उन्हाळ्यात आमच्या इमारतीची जिने पुसणारी बाई काम सोडून गेली, तेव्हा मी रुमेनाचं नाव सुचवलं. मला वाटलं मी चांगलं करतेय. रुमेनाने लगेच हो म्हटलं. दर शुक्रवारी दुपारी ती येते, डोक्याला रुमाल, हातात बादली. पाचव्या मजल्यापासून सुरुवात करून खाली येत जाते. वितोमिरला घरी एकटं सोडता येत नाही, म्हणून त्याला बरोबर आणते आणि खाली टपालपेट्यांजवळ खुर्ची टाकून बसवते. तो वाळलाय, कातडी मेणासारखी पिवळी झालीय, पण बोलका तसाच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारपूस करतो. मुलं त्याच्याकडून नाण्याची जादू शिकतात.

वुकित्सा कारखान्यातून सव्वाचारला येते. रुमेनाचं काम खरं तर तीनलाच आटोपण्यासारखं. पण ती तळमजल्याचा शेवटचा जिना पुसायला सव्वाचारपर्यंत शिल्लक ठेवते. वितोमिरची खुर्ची तिथून हलवत नाही. हे ती मुद्दाम करते हे माझ्या लक्षात यायला पहिला महिना लागला. मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

गेल्या शुक्रवारी मी कचरा टाकायला खाली गेले होते. वुकित्सा दारातून आत आली, पिशवीत पाव आणि दुधाची बाटली. वितोमिरचा चेहरा उजळला.

"कुमा! ये ये. मला वाटलं आज चुकते की काय."

"कसा आहेस, वितोमिर?"

"चाललंय, आठवड्यातून तीनदा धुऊन निघतो, तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे." तो स्वतःच हसला, धाप लागली, थांबला. मग आवाज खाली आणून, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून वुकित्साचा हात धरून म्हणाला, "कुमा, तुझं तिथे वजन आहे. हिच्यासाठी काही बघ ना. ही बोलत नाही, पण हिला लागलंय. गुडघे गेलेत हिचे. तू एक शब्द टाकलास तर होईल. तू आमची कुमा आहेस, तुला नाही सांगायचं तर कुणाला?"

चार पायऱ्या वर रुमेना गुडघ्यांवर टेकून बसली होती. तिने पुसणं थांबवलं होतं. ओल्या फडक्यातून पाणी बादलीत ठिबकत होतं, आणि ती फडकं पिळत नव्हती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती वुकित्साकडे बघत होती आणि वाट बघत होती.

दर शुक्रवारी तो हेच विचारतो. शब्द थोडे मागेपुढे.

वुकित्साने हात सोडवून घेतला नाही. पावाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बघते," ती म्हणाली.

"देव तुझं भलं करो," वितोमिर म्हणाला. "रुमेना, ऐकलंस का? कुमा बघते म्हणतेय."

"ऐकलं," रुमेना म्हणाली. तिने फडकं पिळलं आणि भिंतीला लागून इतकी अरुंद वाट ठेवली, की वुकित्साला तिला ओलांडूनच वर जावं लागलं.